कान कॉलेजात, हात कापसात

मु. बरडवाडी, पो. साखरखेर्डा
मंगळवार, ता. ४ नोव्हेंबर २०२५

चि. उद्धव यास वच्छलाताईचा आशीर्वाद. वि. वि. मागून, आधी राग वाच.

दिवाळीले घरी आलेली पोर गादी घेऊन येते काय रे? गादी, पुस्तकाची पेटी, चपलांचे दोन्ही जोड, अन् तू देलेला तो मोबाईल. म्या आपलं मनाले समजावलं, गादी धुवायले आणली असन. दिवाळी आटोपली, सुट्टी संपली, तिचे कपडे म्या घडी करून ठेवले, तरी पोर जागची हलेना. मंग दरडावून विचारलं तवा समजलं, की तू तुझ्या भाऊजीले परस्पर फोन करून मोकळा झाला. दिवाळीपासून कॉलेज अर्धं मोबाईलवर आहे म्हणे, काजल घरी राहूनच शिकन म्हणे, मायजवळ राहीन म्हणे. अन् त्या मायले सांगायचं काम नव्हतं? पोर माह्या पोटची की तुमच्या दोघांच्या फोनची?

आठवीपासून ती तुझ्या घरी आहे. आपल्या इथी सातवीच्या पुढं शाळा नाही, म्हणून तुझ्याजवळ ठेवली. दहावीले तिनं मार्क काढले तवा पेढे तूच वाटले. आता अकरावी सायन्सले गेली, तर तुले तिची गादी जड झाली काय?

तुले वाटत असन, मोबाईल देला म्हणजे कॉलेज देलं. ऐक. आपलं गाव खड्ड्यात आहे, तुले माहीत आहे, तुझा जन्म इथलाच. घरात त्या मोबाईलले रेंजची एक काडी येत नाही. देवळाच्या ओट्यावर एक येते अन् जाते. बरडावरच्या आपल्या वावरात धुऱ्याच्या बांधावर उभं राह्यलं म्हणजे दोन काड्या येतात, अन् त्या ठरतात. म्हणजे तुझ्या त्या मोबाईलच्या कॉलेजची इमारत आपल्या कापसाच्या वावरात आहे. रोज सकाळी पोर डबा बांधून वावरात जाते, कॉलेजले.

तुझे भाऊजी तर खूश. कापूस फुटून पांढरं झालं वावर, वेचायले बाई मिळत नाही, अन् घरची पोर आपल्या पायानं वावरात येऊन राह्यली. पहिल्या दिवशी ती धुऱ्यावर बसली, वही मांडीवर घेतली. दुसऱ्या दिवशी हे तिले म्हणाले, की कान गुंतले आहेत, हात तर मोकळे आहेत ना. तिसऱ्या दिवसापासून तिच्या कमरेले कापसाची ओटी.

तुझा शौनक तिच्याच वर्गात आहे. त्याले कॉम्प्युटर, त्याले खुर्ची, तुझ्या भिंतीवर डबा लावला आहे त्यातून घरभर रेंज. त्याचंही कॉलेज मोबाईलवरचं अन् हिचंही मोबाईलवरचं, सारखंच झालं म्हणत असशील. मंग तो काऊन नाही येत कापूस वेचायले?

कागद पाहून हसू नको. फोनवर बोलायले लागली की दोन मिनिटांत तुझी रेंज जाते, अन् मी अशी रागावली म्हणजे हमखास जाते. कागदाची रेंज जात नाही. माणिकरावाची जीप रोज चिखलीले येते, त्याच्या हातानं हे पत्र देऊन राह्यली, त्याच्याच हातानं उत्तर दे. अन् उत्तर म्हणजे, येत्या रविवारी तू ये अन् पोर घेऊन जा.

रेवतीले, शौनकले आशीर्वाद. तुले आहेच, पण अर्धा.

तुझी ताई,
वच्छला


चिखली
शनिवार, ता. ८ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र माणिकरावांनी भर चौकात हातात दिलं आणि वर म्हणाले, जपून उघडा साहेब, बाई रागात होत्या. मी घरी येऊन उघडलं. अर्धा आशीर्वाद पोचला, उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

ताई, तू समजतेस तसं नाही. गादी जड झाली असती तर चार वर्षं ठेवली असती का? कॉलेजनंच ठरवलं आहे. आठवड्यातले सोमवार, मंगळवार, बुधवार तास मोबाईलवर. गुरुवार, शुक्रवार, शनिवार कॉलेजात, त्यातले प्रॅक्टिकल गुरुवारी आणि शुक्रवारी. आमचं घर दोन खोल्यांचं. एकाच वेळी दोन मुलांचे तास सुरू होतात. एकाचा आवाज दुसऱ्याच्या तासात जातो, सर दोघांनाही रागावतात. मला वाटलं, निम्मे दिवस पोरगी आईजवळ राहील, घरचं खाईल, आणि कॉलेजच्या दिवशी सकाळच्या एसटीने येईल, दुपारी आमच्याकडे जेवेल, संध्याकाळच्या गाडीने परत. दिलेला मोबाईल शौनकचाच आहे, चांगला चालतो. मी कपटाने काही केलं नाही. भाऊजींना सांगितलं म्हणजे तुला सांगितलं असंच धरून चाललो. तेवढी चूक झाली खरी.

रविवारी येणं जमेल असं दिसत नाही. नगरपालिकेत निवडणुकीच्या कामाने श्वास घ्यायला सवड नाही, रविवारीही ऑफिस आहे. रेंजचं म्हणशील तर गावात दुसरी जागा शोधता येईल का, कोणाच्या गच्चीवर वगैरे, ते पाहा. आणि भाऊजींना माझं नाव सांगून म्हण, की तासाच्या वेळी तरी तिला कामाला लावू नका. ते ऐकतील.

रेवती बरी आहे, तिने नमस्कार सांगितला आहे. शौनक काजलला फळ्याचे फोटो पाठवतो. तुझे गुडघे कसे आहेत? वेचणीच्या दिवसांत वाकून वाकून दुखवून घेऊ नकोस. बाकी सर्व क्षेम. पुढच्या पत्रात आशीर्वाद पुरा मिळेल या आशेवर आहे.

तुझा,
उद्धव


मु. बरडवाडी
शुक्रवार, ता. १४ नोव्हेंबर २०२५

चि. उद्धव यास आशीर्वाद. पुरा नाही.

तुझं पत्र काजलनं वाचून दाखवलं, मंग म्या स्वतः दोनदा वाचलं. चौथीपर्यंतच शिकली तरी तुझं अक्षर मले लागते. एवढं गोड लिहिलं तू, की मी पाणी प्यायले उठली. पण त्यात घेऊन जातो असं कुठी लिहिलं आहे ते मले सापडलं नाही.

तू म्हणतो तसं तुझ्या भाऊजीले सांगून पाह्यलं. तुझं नावही घेतलं. ते म्हणाले, उद्धवले सांग, पोर कामाले लावली नाही, कॉलेजच्या जागी बसून राह्यली त्या जागी काम आहे.

तुले वावरातलं कॉलेज कसं चालते ते सांगते, म्हणजे तुले गच्ची सुचणार नाही. एक वायर कानात. मोबाईल ओटीत, कारण हातात धरला तर वेचायचं कशानं. सर तिकडं फळ्यावर आकृती काढतात, अन् तो फळा माह्या पोरीच्या ओटीत, कापसाखाली. ते म्हणतात इकडं पाहा, हा बाण पाहा. ही कापसाच्या पऱ्हाटीले पाहते. संध्याकाळी शौनकचा फोटो येतो तवा तिले समजते की सर कशावर बोलत होते. तोही फोटो पाहायले पुन्हा देवळाच्या ओट्यावर जावं लागते, अन् तिथी पोरं बसलेली असतात, म्हणून हे जाऊ देत नाहीत. म्हणजे ऐकलेलं सकाळी, पाह्यलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी, अन् तवा नवीन ऐकणं सुरू.

अन् कॉलेजचे तीन दिवस. सकाळच्या एसटीनं जाईन, संध्याकाळी येईन, असं तुझं म्हणणं. संध्याकाळची गाडी साखरखेर्ड्याले येते तवा अंधार पडते, तिथून आपल्या गावाचा रस्ता तुले माहीत आहे. अन् माणिकरावाच्या माणसांनी भरलेल्या जीपमधी पोर रोज धाडायले हे तयार नाहीत. हे म्हणाले, दिवस मोठा होऊ दे, मंग पाहू. दिवस मोठा होईन संक्रांतीनंतर. तवापर्यंत प्रॅक्टिकल कोण करन, मी? पहिल्या आठवड्यात नाही गेली, दुसऱ्या आठवड्यातही नाही गेली, हा तिसरा. मॅडमनं निरोप धाडला, की जर्नल पूर्ण नसन तर परीक्षेले बसू देणार नाही.

आता मुख्य गोष्ट. वडनेर भोलजीचे शंकरराव आहेत, माह्या नणंदेच्या सासरकडून नात्यातले. त्याईचा निरोप आला. पोराचं खताचं दुकान आहे, वावर ओलिताचं. रविवारी, तेवीस तारखेले, पोर पाहायले येतात. आता सुपारी फोडून ठेवायची, लग्न अठरा भरल्यावर. म्या म्हटलं, तिचं शिक्षण? तर तुझे भाऊजी काय म्हणाले माहीत आहे? ते म्हणाले, शिक्षण कुठी अडते, कॉलेज तर मोबाईलात आहे, मोबाईल वडनेरलेही चालते.

उद्धव, हे वाक्य दोनदा वाच. ते काही वाईट माणूस नाहीत, चार वर्षं त्याईनंच पोर तुझ्याकडं ठेवली. लोक म्हणायचे पोर मोठी झाली, तर हे म्हणायचे, कॉलेज चिखलीले आहे, काय करता. आता ते कॉलेज चिखलीले राह्यलं नाही ना. पोरीले घराबाहेर पडायले जे एक कारण होतं तेच तुम्ही मोबाईलात घालून तिच्या हातात देलं.

बुधवारी आणखी एक तमाशा झाला. मी अन् शेजारची सोजराबाई एका ओळीत वेचून राह्यलो होतो, काजल आमच्या मधात. सोजराबाई विचारत होती, मी सांगत होती, बायका वावरात बोलतात तसं. माहा आवाज तुले माहीत आहे. एकदम काजल ओळीतच मटकन खाली बसली अन् दोन्ही हातांनी ओटी उपसायले लागली. म्या म्हटलं विंचू चावला. ओटीत कापूस दाबता दाबता त्या मोबाईलचा आवाज तिकडं जायचं बटन चालू झालं होतं, अन् कानातली वायर निसटली होती, म्हणून सर तिचं नाव घेऊन राह्यले ते तिले ऐकू गेलं नाही. तवापासून पोर माह्याशी धड बोलत नाही. एवढं काय झालं? चार शब्द गेले असन कोणाच्या कानावर. काय बोलली ते मले आता शब्दाशब्दानं आठवत नाही.

तेवीसच्या आधी पोर तुझ्या घरी पाह्यजे. ती चिखलीत शिकून राह्यली असन तर मले शंकररावाले सांगता येते, की बारावी होऊ द्या. वावरात कापूस वेचून राह्यली तर काय सांगू? मोघम लिहू नको.

तुझी ताई,
वच्छला


मु. बरडवाडी
सोमवार, ता. १७ नोव्हेंबर २०२५

उद्धव, आशीर्वाद.

माणिकराव शनिवारी रिकाम्या हातानं आले. आजही रिकाम्या हातानं आले. तू भेटला होता म्हणे, अन् उद्या देतो म्हणाला, अन् रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं निघून गेला. माह्यापासून असा लपायचा तू लहानपणी, पण तवा काहीतरी फोडलेलं असायचं. आता काय फोडलं? शौनकचे फोटोही बुधवारपासून बंद आहेत. तुमच्या घरात कोणाले काय झालं, खरं खरं लिही.

वच्छला


चिखली
बुधवार, ता. १९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईंना सौ. रेवतीचा सा. न. वि. वि.

तुमची पत्रं यांनी मला दाखवली नव्हती. काल मी कपाटातून काढून तिन्ही वाचली, आणि उत्तर मीच लिहिते आहे, कारण यांना ते कधीच लिहिता येणार नाही.

त्या बुधवारी शौनक बाहेरच्या खोलीत तासाला बसला होता. आवाज मोठा होता. मी मेथी निवडत होते. एकदम तुमचा आवाज घरात आला. खरं सांगते, मला क्षणभर आनंद झाला. वाटलं, ताई आल्या, दाराशी कोणाशी तरी बोलताहेत. मी हात पुसत उठलेसुद्धा. मग माझं नाव ऐकलं.

तुम्हाला शब्दाशब्दाने आठवत नाही असं लिहिलंत. मला आठवतं. रेवती पोरीला दूध मोजून देते. रेवतीने पोरीला स्वयंपाकघरात बसवलं आणि आपल्या पोराला खोली दिली. रेवती वाटच पाहत होती, कॉलेजचं निमित्त झालं आणि पोर काढून दिली. सगळ्या वर्गाने हे ऐकलं, ताई. सर थांबा थांबा म्हणत होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मुलांनी शौनकचं नाव अर्धा कप ठेवलं. तो दोन दिवस जेवला नाही. फोटो त्याने त्या रागात बंद केले. मला ते तुमच्या चिठ्ठीतून कळलं. काल रात्री त्याला समोर बसवून सगळे पाठवायला लावले, तेव्हा तेवढं तुम्ही मनातून काढा.

आता दुधाचं. मी दूध मोजून देते हे खरं आहे. शौनकला, काजलला आणि यांना, एकाच पेल्याने. मी स्वतःसाठी काढत नाही. एक लिटर येतं, त्यात चहाही होतो. काजलने हे पाहिलेलं आहे, तिला विचारा.

स्वयंपाकघराचंही खरं आहे. दिवाळीच्या आधी कॉलेजने आठवडाभर मोबाईलचे तास घेऊन पाहिले होते. बाहेरच्या खोलीत शौनक, आतल्या खोलीच्या खिडकीशी मागच्या रस्त्याचा गोंगाट, म्हणून काजल ओट्याजवळ पाटावर बसली. सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, की ही शिट्टी कुठे वाजते आहे. मी कुकर उतरवला. त्या संध्याकाळी ती आपण होऊन मला म्हणाली, की मामी, मी गावी जाते, तिकडे शांत असतं. तिकडे काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. मी तिला राहा म्हटलं नाही. तेवढा दोष माझ्याकडे.

वडनेरच्या स्थळाबद्दलही त्या बुधवारीच, तुमच्याच आवाजात ऐकलं. ती सोळा वर्षांची आहे. चार वर्षं तिच्या वेण्या मी घातल्या, दहावीच्या परीक्षेला रोज दारापर्यंत मी सोडायला गेले. यांना स्थळाचं आधी माहीत होतं का, हे मी विचारलं, तर हे पेपर वाचत राहिले.

एक विचारते. चार वर्षांपूर्वी काजल आली तेव्हा तुम्ही भावाला विचारलंत. आता परत पाठवायची तर भावालाच पत्र, राग भावावर, अर्धा आशीर्वाद भावाला. मला फक्त शेवटच्या ओळीत. पोळ्या मी करायच्या, आजारपण मी काढायचं, आणि ठेवतेस का असं मला कोणीच विचारायचं नाही. नाव घेतलं तेही पऱ्हाटीच्या ओळीत, सोजराबाईंजवळ. मी नाही म्हणत नाही आणि हो म्हणत नाही. मला कोणी विचारलेलंच नाही, तर उत्तर कशाचं देऊ?

मोठ्यांना असं लिहू नये. पण तुम्ही स्वतः स्पष्ट बोलता, म्हणून लिहिलं. भाऊजींना नमस्कार. आपला लोभ माझ्या वाट्याला किती, ते मला माहीत नाही. असेल तेवढा राहावा.

आपली,
सौ. रेवती


मु. बरडवाडी
शुक्रवार, ता. २१ नोव्हेंबर २०२५, सकाळ

सौ. रेवती हिले वच्छलाताईचा आशीर्वाद.

तुह्या लग्नाले इतके वर्षं झाले अन् हे माहं तुले पहिलं पत्र, हे मले काल रात्री पेन हातात घेतल्यावर समजलं. उद्धवले यातलं एक अक्षर दाखवलं नाही तरी चालन.

तू स्वतःसाठी दूध काढत नाही हे काजलनं मले सांगतलं नव्हतं, कारण म्या विचारलं नव्हतं. म्या विचारलं होतं, मामी दूध देते काय, अन् ती म्हणाली, हाव, पेल्यानं मोजून. बाकीचं म्या माह्या डोक्यानं शिवलं. बोलली ते चुकलं. याच्यापेक्षा गोड मले लिहिता येत नाही, तू समजून घे. सोजराबाईलेही काल त्याच ओळीत उभं राहून सांगतलं, की माही भावजय तशी नाही, माहंच तोंड तसं आहे. मोठ्यानं सांगतलं. मोबाईल बंद होता, नाही तर वर्गातल्या पोराईलेही ऐकवलं असतं. शौनकले म्हणा, त्याले चिडवणाऱ्या पोराईची नावं सांग, आत्या येते. नको म्हणत असन तर नाही येत.

पोर काढून दिली असं म्हणाली ते मात्र अर्धंच मागं घेते. तू राहा म्हटलं नाही, हे तूच लिहिलं. पण म्याही कुठी तुह्याजवळ तिले राहू दे म्हटलं? तुहं ते लिहिणं मले लागलं. काजलनं वाचून दाखवायच्या आधी म्या स्वतः वाचलं, म्हणून बरं.

बुधवारी तुहं पत्र आलं अन् रात्री जेवणं झाल्यावर म्या काजलले तिच्या बापासमोर बसवली. विचारलं, तुले काय पाह्यजे ते एकदा तुह्या तोंडानं सांग, आम्ही सगळेच तुह्या नावानं बोलून राह्यलो. ती किती वेळ चटईच्या काड्या मोडत बसली. मले असं थांबणं जमत नाही. मंग ती म्हणाली, की मोबाईलवरचं तिले समजते, सर चांगलं शिकवतात. पण वर्गात बसलेल्या पोरीले कोणी हाक मारत नाही. मोबाईलवर शिकणाऱ्या पोरीले सगळे हाका मारतात. पाणी आण, वासरू धर, एवढी ओळ संपव. तिले जायचं कॉलेज पाह्यजे, येणारं नाही. एवढं बोलून ती उठली अन् भांडी घासायले गेली, अन् तिथूनही तिले तिच्या बापानंच हाक मारली, तंबाखूची डबी दे म्हणून. मंग डबी त्याईनं उठून घेतली. लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदा पाह्यलं.

उशिरानं ते म्हणाले, शंकररावाले शब्द देला आहे, ते येणार. आलेल्या पाव्हण्याले कोणत्या तोंडानं परत पाठवू? बायको नाही म्हणते असं सांगतलं तर ते हसतील. पण मामानं लिहून देलं असन, की पोर बारावीपर्यंत आमच्या घरी राहून शिकते, नंतरचं नंतर, तर तो कागद पुढं ठेवता येईन. शिकलेल्या नातेवाइकाच्या शब्दाले मान आहे. एवढं ते आपण होऊन बोलले. त्याच्यापुढं मी त्याईले ढकलत नाही, सरकले तेवढे सरकले.

आता विचारते, अन् तुलेच विचारते. रेवती, काजलले तुह्या घरी ठेवतेस काय?

घर दोन खोल्यांचं आहे हे समजलं. आवाजात आवाज जाते हेही समजलं. काजल सांगते, की मोबाईलच्या तीन दिवशी कॉलेजच्या खोल्या रिकाम्या असतात, शिपाई कुलूप उघडून झाडून जाते, आतमधी रेंजही असते. खोल्या रिकाम्या अन् पोरी वावरात, हा कुठला कारभार? तिच्यासारखी एकटी तीच थोडी असन. उद्धवले मोठ्या सरांकडं धाड अन् विचारायले लाव, की ज्या पोरांच्या घरी जागा नाही त्याईले एका खोलीत बसू देता काय. उद्धव स्वतःसाठी कोणाले काही मागत नाही, पण तू सांगतलं तर जाईन. नाही म्हणाले सर, तर सांगा मले, मी येते विचारायले. ते झालं नाही तर काजल पायऱ्यांवर बसन, कुठीही बसन, पण चिखलीत बसन.

हे पत्र तुह्या हातात देणारी काजलच आहे. तिले आज माणिकरावाच्या जीपमधी पुढच्या सीटवर बसवून देऊन राह्यली. आधी ती कॉलेजात जाईन, आज प्रॅक्टिकल आहे, मंग तुह्या दाराशी. तिच्याजवळ दोन दिवसांचे कपडे आहेत. तिच्या बापाले सांगूनच पाठवून राह्यली, चोरून नाही. ते आतापासूनच जीपजवळ उभे आहेत, माणिकरावाले हळू चालवा म्हणून सांगून राह्यले. ती दाराशी आली म्हणून तुले नाही म्हणता येणार नाही असं समजू नको. नाही म्हणायचं असन तर तिले उद्याच्या जीपनं परत बसवून दे, मी रागावणार नाही. रागावीन, पण तुह्यावर नाही.

रविवारी सकाळी पाव्हणे येतात. माणिकराव शनिवारी संध्याकाळी चिखलीहून निघतात. तवापर्यंत मले कागद पाह्यजे. उद्धवची सही चालन, पण लिहिलेलं तुह्या हातचं पाह्यजे, अन् खाली तुहं नाव आधी. ठेवते असं लिही, नाही तर ठेवत नाही असं लिही. पाहू, कळवू, यांचं म्हणणं असं आहे, असं काही लिहू नको, ते मले उद्धवकडून पुष्कळ मिळालं आहे.

तुहा लोभ मागायचा हक्क माह्याजवळ आहे की नाही ते तू ठरव. उत्तराचा हक्क आहे. शनिवारी, दिवस मावळायच्या आत.

तुही,
वच्छलाताई